साउंडच्या कामाचा लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे : व्यावसायिक साउंडच्या उपकरणांसोबत वापरायला परवडणारा लॅपटॉप कोणता घ्यावा, आणि घेतलेला त्रास का देतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. किमती सतत हलत असतात, म्हणून त्यांच्या वाटेला गेलेलो नाही.

प्रश्न : मी साउंड सिस्टीम बसवण्याचं आणि ट्यून करण्याचं काम करतो. डिजिटल मिक्सरचा एडिटर (मिक्सर लॅपटॉपवरून चालवायचा प्रोग्रॅम), अँप्लिफायरमधल्या डीएसपीचं (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या भागाचं) सॉफ्टवेअर, वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सी जुळवणं आणि आवाजाचं मापन, एवढं सगळं एका लॅपटॉपवर व्हायला हवं. हातात पैसे बेताचे आहेत. तेवढ्यात एकतर नवा साधा लॅपटॉप येतो, नाहीतर कंपन्यांमधून निघालेला वापरलेला. कोणता घेऊ?

उत्तर : वापरलेला, पण ऑफिससाठी बनलेल्या मालिकेतला. तुम्ही लिहिलेल्यांपैकी एकही सॉफ्टवेअर प्रोसेसरला घाम फोडणारं नाही. डीएसपीचं खरं काम त्या पेटीत होतं, लॅपटॉप फक्त तिचा पडदा आणि माउस. मापनाच्या सॉफ्टवेअरलाही चार कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो. साइटवर काम अडतं ते वेगामुळे नाही. नेटवर्कचं पोर्ट नसतं, ड्रायव्हर मिळत नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही, नाहीतर मेन बंद करायची वेळ आली की बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये नेमकी याच गोष्टींत काटकसर केलेली असते, आणि डब्यावर मात्र प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरांत.

आधी कागदावर तुमच्या सॉफ्टवेअरची यादी करा आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं ते लिहा. डीएसपीची सॉफ्टवेअर, म्हणजे क्यू-सिस डिझायनर, बायअँपचं टेसिरा, बीएसएसचं ऑडिओ आर्किटेक्ट ही मंडळी फक्त विंडोजवर चालतात. वायरलेस माइकसाठीचं शुअरचं वायरलेस वर्कबेंच विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. एक्स३२ मिक्सरचं एक्स३२ एडिट लिनक्सवरही चालतं. यादीत एकजरी फक्त-विंडोजवालं असलं तर विंडोजचाच लॅपटॉप घ्यायचा. त्यातही इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा, आर्म प्रोसेसरचा (फोनमधल्या प्रोसेसरच्या जातीचा) नको. आर्मवरचं विंडोज ११ जुने प्रोग्रॅम अनुवाद करून चालवतं, पण ड्रायव्हरना ती सोय नाही. तुमच्या ऑडिओ इंटरफेसचा किंवा जुन्या डीएसपीच्या यूएसबी पोर्टचा आर्मसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढला नसेल, तर ते उपकरण त्या लॅपटॉपपुरतं मेलं.

प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. याला दोन कारणं आहेत. सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या यू मालिकेच्या आय५ ला दोनच कोअर असत, आठव्या पिढीत ते चार झाले. दुसरं, विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं. लॅपटॉपमधल्या एएमडीच्या बाबतीत रायझन ३००० मालिकेपासून. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी मोह आवरा.

मेमरी नुसत्या कंट्रोलसाठी ८ जीबी चालते. मापन, ब्राउझर, मॅन्युअलच्या पीडीएफ आणि एखादा रेकॉर्डर एकत्र उघडायचा असेल तर १६ जीबी. मेमरी काढता-घालता येते की बोर्डावरच डकवलेली आहे, हे आधी विचारा. साठवणीसाठी एसएसडीच हवी. स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी (बोर्डावर डकवलेली धीमी साठवण) असतं, ते टाळा. विंडोजचं एक मोठं अपडेट आलं की त्याची जागाही संपते आणि दमही.

स्क्रीन १४ इंची, १९२०×१०८०. याहून दाट पिक्सेलची छोटी स्क्रीन घेऊ नका. बरीच डीएसपी सॉफ्टवेअर जुन्या धाटणीची आहेत, दाट स्क्रीनवर त्यांची बटणं मुंगीएवढी होतात आणि स्केलिंग वाढवलं की खिडकीच्या बाहेर जातात. बाहेरच्या कार्यक्रमांना जात असाल तर स्क्रीनची चमक विचारून घ्या, ती निट्समध्ये मोजतात. २५० निट्स सावलीतही कमी वाटते, ४०० च्या आसपास असेल तर उत्तम. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे पॅनेल असतात, म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका.

पूर्ण आकाराचं नेटवर्क पोर्ट आणि जुन्या आकाराची किमान दोन यूएसबी पोर्ट असावीत. एक इंटरफेसला, दुसरं लायसन्सच्या डाँगलला (सॉफ्टवेअर उघडणाऱ्या यूएसबी किल्लीला) किंवा सिरीयल अडॅप्टरला.

या सगळ्यात बसणारी नावं : लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचे लॅटिट्यूड ५४९० आणि ५४००, एचपीचा एलिटबुक ८४० जी५. चौघांनाही नेटवर्क पोर्ट आहे आणि मेमरीच्या दोन-दोन जागा. टी४८० मध्ये आत एक आणि मागे काढता येणारी एक, अशा दोन बॅटऱ्या असतात. मागची चालू लॅपटॉपमध्येच बदलता येते, हे साइटवर फार कामाला येतं. त्याच्या पुढच्या टी४९० मध्ये एक मेमरी बोर्डावर डकवलेली आहे आणि काढती बॅटरी गेली, तेव्हा फक्त नवा म्हणून तो जास्त पैसे देऊन घेऊ नका. टी४८० घेतलात तर आल्याआल्या थंडरबोल्टचं (यूएसबी-सी पोर्टमागच्या चिपचं) फर्मवेअर अपडेट करा. त्या काळातल्या थिंकपॅडच्या जुन्या फर्मवेअरमध्ये दोष होता, त्यामुळे यूएसबी-सी पोर्ट कायमचं बिघडू शकतं. लेनोव्होने त्यावर अपडेट काढलेलं आहे.

सगळं बजेट लॅपटॉपवर उडवू नका. चौथा-पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. नवी बॅटरी, मेमरीची कांडी, दुसरा चार्जर आणि सिरीयल अडॅप्टर त्यातूनच यायचे आहेत.

प्रश्न : वापरलेला लॅपटॉप घेताना दुकानातच काय काय तपासावं?

उत्तर : सर्वात आधी कुलूप. चालू करून बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. मग विंडोज नव्याने रीसेट केलेलं आहे ना, ते बघा, आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये वाय-फाय जोडून पुढे जा. एखाद्या संस्थेचं नाव आणि तिचंच लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप अजून त्या संस्थेच्या यादीत आहे. इंटरनेट न जोडता सेटअप केला तर हे लक्षातच येत नाही आणि पुढच्या रीसेटला कुलूप पडतं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही कमांड बॅटरीरिपोर्ट या पर्यायासह द्या. एक फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी हिशोबात धरा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते.

मग पोर्ट. प्रत्येक यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह घाला आणि हलकेच हलवा, जोडणी तुटल्याचा आवाज आला तर पोर्ट सैल आहे. नेटवर्क पोर्टात खरी केबल घालून दिवा लागतो का आणि वेग १ गिगाबिट दाखवतो का ते बघा. १०० मेगाबिटच दाखवत असेल तर आधी केबल बदलून बघा. तरी तेच असेल तर पोर्टमधली एखादी पिन वाकलेली किंवा काळी पडलेली असते.

शेवटी अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा आणि पंख्याकडे कान द्या. घरघर किंवा खडखड येत असेल तर पंखा बदलावा लागेल. तो नुसताच जोरात फिरत असेल तर बहुधा धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट, ते स्वस्तात निस्तरतं.

प्रश्न : माझ्याकडे आय७, १६ जीबी आणि एसएसडी आहे. मिक्सरच्या यूएसबीवरून ३२ ट्रॅक रेकॉर्ड करताना मध्येच टिक-टिक येते, कधी ड्रॉपआउट (आवाज क्षणभर गायब). सीपीयूचा वापर २० टक्क्यांच्या वर जातही नाही. अजून वेगवान लॅपटॉप घ्यावा का?

उत्तर : नको. पुढच्या लॅपटॉपवरही हीच टिक-टिक भेटायची शक्यता आहे.

आधी डिस्कवरचा संशय काढून टाकू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला १,४४,००० बाइट लिहितो. ३२ ट्रॅकचे झाले ४.६ एमबी, म्हणजे तासाला साधारण १६.६ जीबी. साधी साटा एसएसडीही सेकंदाला याच्या कितीतरी पट लिहिते.

टिक-टिक येते ती उशिरामुळे. बफर, म्हणजे ऑडिओ साठवायची तात्पुरती जागा, ६४ सॅम्पलचा असेल तर लॅपटॉपला दर १.३३ मिलिसेकंदाला ऑडिओच्या ड्रायव्हरकडे वळावंच लागतं. त्याच वेळी वाय-फायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने प्रोसेसर २ मिलिसेकंद अडवून धरला की तेवढा ऑडिओ गेला. सरासरी वापर २० टक्के असो की ५ टक्के, त्या क्षणी रस्ता बंद होता एवढंच खरं. म्हणून सीपीयूचा मीटर या दुखण्यात काहीच सांगत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल आणि मॉनिटर मिक्सरवरूनच जात असतील, तर कमी लेटन्सीची (आवाज पोचायला लागणाऱ्या उशिराची) गरजच काय? बफर १०२४ करा. लॅपटॉपला २१ मिलिसेकंदांची उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

तरी टिकल्या तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम अर्धा तास चालवा, रेकॉर्डिंगच्या वेळी जे जोडलेलं असतं ते सगळं जोडून. ड्रायव्हर्सच्या पानावर सर्वाधिक वेळ खाणाऱ्याचं नाव वर येतं. नेटवर्कच्या एनडीआयएसचं नाव आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय डिसेबल करून पुन्हा मोजा. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर आला तर त्याची आवृत्ती बदला किंवा ते ग्राफिक कार्ड बंद करून आतल्या ग्राफिक्सवर चालवा. एसीपीआय (वीज-व्यवस्थापनाचा ड्रायव्हर) आला तर बॅटरीच्या यादीतली एसीपीआय कंट्रोल मेथड बॅटरी तात्पुरती डिसेबल करा. मग बॅटरीची टक्केवारी दिसेनाशी होते, म्हणून हे चार्जर लावलेला असतानाच करायचं आणि काम झालं की परत चालू करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही.

यासोबत पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची टिक काढलेली. रेकॉर्डिंगचा फोल्डर वनड्राइव्हसारख्या सिंकमध्ये नसावा. इंटरफेस किंवा मिक्सर थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. हब लागलाच तर तो माउस आणि डाँगलसाठी.

आणखी एक. टिक अगदी ठरावीक अंतराने, घड्याळासारखी येत असेल तर ड्रायव्हरला मोकळं सोडा आणि क्लॉककडे (सॅम्पलचा ताल धरणाऱ्या घड्याळाकडे) बघा. मिक्सरला एडॅट किंवा एईएस या डिजिटल ऑडिओच्या जोडणीने दुसरी डिजिटल पेटी जोडलेली असेल आणि दोन्ही इंटर्नल क्लॉकवर असतील, तर दोघांची चाल थोडी वेगळी पडते आणि सॅम्पल निसटत राहतो. एकालाच मालक ठेवा, दुसऱ्याला त्याच्या मागे लावा. वेडीवाकडी येणारी टिक लॅपटॉपची, नियमित येणारी बहुधा क्लॉकची.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉप सेलमध्ये स्वस्त मिळतोय. घेऊ का?

उत्तर : मापनाच्या खोलीत त्याचा पंखाच माइकमध्ये येईल. बॅटरी लवकर संपते, चार्जर विटेएवढा, आणि दोन ग्राफिक कार्डांची अदलाबदल हे वर सांगितलेल्या टिक-टिकीचं नेहमीचं कारण. साउंडच्या कामाला यातल्या महाग ग्राफिक कार्डाचा उपयोग नाही.

प्रश्न : मॅकबुकवर ऑडिओ जास्त भरवशाचा असतो असं ऐकतो. वापरलेला मॅकबुक एअर परवडतोय.

उत्तर : रेकॉर्डिंग, प्लेबॅक आणि मापनासाठी तो खरंच निर्धोक आहे. मॅकमधला कोअर ऑडिओ स्थिर आहे आणि एम१ च्या एअरला पंखाच नाही. पण नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर बूटकँप नाही, म्हणजे थेट विंडोज टाकता येत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं ते आर्मचं विंडोज. नेटवर्कवरून बोलणारी कंट्रोल सॉफ्टवेअर त्यात बऱ्याचदा चालून जातात, पण यूएसबीचा खास ड्रायव्हर लागणारं उपकरण अडकतं. इंटेलच्या मॅकवर विंडोज टाकता येतं, पण मॅकओएस २६ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा ८ की १६ हे घेतानाच ठरवा.

प्रश्न : जुना डीएसपी प्रोसेसर फक्त आरएस-२३२ ने (जुन्या ९ पिनी सिरीयल पोर्टने) प्रोग्रॅम होतो. यूएसबी-टू-सिरीयल केबल आणली, ड्रायव्हर टाकला, सॉफ्टवेअर मात्र "डिव्हाइस सापडलं नाही" म्हणतं.

उत्तर : दोष केबलमध्ये आहे, सेटिंगमध्ये आहे की पेटीत, हे आधी वेगळं करा. अडॅप्टरच्या ९ पिनी टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिन बारीक तारेने जोडा. पुटीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम त्या कॉम पोर्टवर (विंडोज सिरीयल पोर्टला हे नाव देतं) उघडा, फ्लो कंट्रोल नन ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर परत उमटली तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि अडॅप्टर तिघेही ठीक. उमटली नाहीत तर पेटीकडे जायची गरजच नाही.

अडॅप्टरच नापास झाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व कोड १० दिसत असेल, तर आत प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असण्याची दाट शक्यता. नव्या विंडोजचा ड्रायव्हर त्या चिपला दारातूनच परत पाठवतो. एफटीडीआय चिपचा अडॅप्टर घ्या.

अडॅप्टर पास झाला तर कॉमचा नंबर बघा. जुनी सॉफ्टवेअर कॉम१ ते कॉम४ च ओळखतात, आणि विंडोजने तुमच्या अडॅप्टरला कॉम११ दिलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो बदलता येतो. मग बॉड रेट, म्हणजे सिरीयलचा वेग : ९६००, ३८४०० किंवा १,१५,२००, जो मॅन्युअलमध्ये असेल तो, आणि पेटीच्या पॅनेलवरही तोच.

राहिली केबल. काही पेट्यांना सरळ केबल लागते, काहींना २ आणि ३ उलटलेली. पेटीला तीन स्क्रूंचं टर्मिनल असेल तर लॅपटॉपकडचा टीएक्स (पाठवणारी तार) पेटीच्या आरएक्सला (घेणारीला), आरएक्स टीएक्सला आणि ५ नंबरची पिन ग्राउंडला. अशा तीन तारांच्या जोडणीत हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला तर लॅपटॉप परवानगीची वाट बघत बसतो आणि एक अक्षरही पुढे जात नाही. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची टीटीएल केबल इथे लावू नका. तिचे व्होल्टेज ३.३ किंवा ५ चे, आरएस-२३२ चे धन-ऋण आणि मोठे. केबलची चिप जळू शकते.

प्रश्न : मिक्सर नेटवर्क केबलने थेट लॅपटॉपला जोडला, तरी एडिटरला तो दिसत नाही. वाय-फाय राउटरमार्फत टॅबलेटवर दिसतो.

उत्तर : राउटर नेटवर्कचे (आयपी) पत्ते वाटतो, थेट केबलमध्ये पत्ते वाटणारा कोणी नसतो. मग लॅपटॉप स्वतःलाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देतो आणि मिक्सर आपल्या १९२.१६८ वर बसून राहतो. मिक्सरला हाताने १९२.१६८.५०.१० द्या, लॅपटॉपच्या इथरनेटला १९२.१६८.५०.२०, दोघांना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. लॅपटॉपचा गेटवे रिकामा. मग कमांड प्रॉम्प्टमधून मिक्सरच्या पत्त्यावर पिंग करून उत्तर येतं का बघा.

५० मुद्दाम घेतला. घरगुती राउटर बहुतेक १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात. लॅपटॉप वाय-फायवरही त्याच गटात असेल तर मिक्सरसाठीचे पॅकेट भलत्याच वाटेने वाय-फायकडे जाऊ शकतात. पिंगला उत्तर येतं पण सॉफ्टवेअरला मिक्सर दिसत नाही, असं असेल तर विंडोज फायरवॉल. गेटवे नसलेलं नेटवर्क विंडोज पब्लिक धरतं, आणि पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा आपण फक्त प्रायव्हेटवर टिक केलेली असते.

दांते (नेटवर्क केबलवरून ऑडिओ नेणारी पद्धत) वापरत असाल तर आणखी काळजी. लॅपटॉपला दांतेशी जोडणारं दांते व्हर्च्युअल साउंडकार्ड हे सॉफ्टवेअर वाय-फायवर चालत नाही, केबलच हवी. ६४×६४ चॅनेलपर्यंत जायचं तर गिगाबिट पोर्ट लागतं. स्विचवर एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद ठेवा. ही वीजबचत पॅकेट थोडा वेळ अडवून ठेवते आणि क्लॉकचा ताळमेळ बिघडतो. व्हर्च्युअल साउंडकार्डची सर्वात कमी लेटन्सी ४ मिलिसेकंद, म्हणून रेकॉर्डिंगला छान, गायकाच्या कानात लॅपटॉपमधून इफेक्ट फिरवून देण्यासाठी नाही.

प्रश्न : चार्जर लावला की स्पीकरमधून हम आणि किरकिर येते. काढला की शांत. सहकारी म्हणतो चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाक.

उत्तर : तोडू नका. ती पिन चार्जरमध्ये बिघाड झाल्यावर तुम्हाला वाचवायला आहे.

तीन पिनी चार्जरमधून लॅपटॉपचा ग्राउंड अर्थला जोडला जातो, ऑडिओ केबलच्या शील्डमधून तोच ग्राउंड मिक्सरच्या अर्थलाही. दोन वाटांचं कडं तयार होतं, त्यातून मेनचा हम येतो आणि लॅपटॉपच्या आतला डिजिटल आवाज. माउस हलवला की किरकिर बदलते ती हीच. दोन पिनी चार्जरला हे कडं नसतं, पण फिल्टर कपॅसिटरमधून थोडी गळती येते, त्यामुळे लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात आणि अनबॅलन्स्ड (एकच सिग्नलतार आणि शील्ड असलेल्या) केबलमध्ये गुंइं आवाज येतो.

हेडफोनच्या भोकातून सिग्नल देत असाल तर ट्रान्सफॉर्मर असलेला दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करणारी पेटी) घ्या आणि ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ट्रान्सफॉर्मर असलेलाच, कारण अॅक्टिव्ह डीआयच्या लिफ्टने हे दरवेळी सुटत नाही. यूएसबी इंटरफेस असेल तर त्याचे बॅलन्स्ड आउटपुट बॅलन्स्ड केबलनेच न्या. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशनवर लावले तरी पुष्कळ फरक पडतो. स्वस्त यूएसबी आयसोलेटर घेताना वेग बघा. बरेचसे १२ मेगाबिटपर्यंतच जातात, आणि यूएसबी २ चे मल्टीचॅनेल इंटरफेस ४८० मेगाबिटवर बोलतात. तिथे आयसोलेटर लावला की इंटरफेस दिसेनासाच होतो.

प्रश्न : मापनाचा माइक थेट लॅपटॉपच्या हेडसेटच्या भोकात लावता येईल का? की यूएसबी माइक घेऊ?

उत्तर : भोकात नाही. तिथे एकच चॅनेल असतो, काही व्होल्टचा बायस मिळतो, मापनाच्या माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा नाही, आणि वर बोलण्यासाठीचं नॉइज सप्रेशन. यूएसबी माइक आरईडब्ल्यू या मापनाच्या प्रोग्रॅममध्ये खोलीचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढायला ठीक आहे.

सबवूफर आणि टॉपची फेज जुळवायची असेल तर मात्र दोन इनपुटचा साधा इंटरफेस हवा : इनपुट १ ला माइक, इनपुट २ ला रेफरन्स (स्पीकरकडे जाणारा मूळ सिग्नल). दोन्ही सिग्नल एकाच क्लॉकवर यायला हवेत. यूएसबी माइक आणि वेगळं साउंडकार्ड यांच्या क्लॉकमध्ये दशलक्षात २० चा फरक असला, तरी १० सेकंदांत ०.२ मिलिसेकंदाचं अंतर पडतं. ५ किलोहर्ट्झला ते पूर्ण ३६० अंश. फेजची रेघ स्क्रीनवर हळूहळू सरकताना दिसते आणि माणूस डिले बदलत बसतो.

प्रश्न : २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस माइक लॅपटॉपजवळ ठेवला की तुटतो.

उत्तर : यूएसबी ३ च्या डेटा सिग्नलचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पसरतो. बाहेरची डिस्क चालू असताना जास्त तुटतो का बघा. माइकचा रिसीव्हर मीटरभर लांब न्या, डिस्कची केबल चांगल्या शील्डची घ्या, नाहीतर डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात लावा. वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे ३२ ट्रॅक तिथेही मावतात.

प्रश्न : फायरवायरचा (यूएसबीसारख्या एका जुन्या पोर्टचा) आठ चॅनेलचा उत्तम इंटरफेस पडून आहे. त्यासाठी लॅपटॉप शोधू का?

उत्तर : फायरवायर पोर्ट असलेला किंवा एक्स्प्रेसकार्डची जागा असलेला जुना लॅपटॉप आयता हाताशी असेल तरच. कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असावी, रिकोच्या चिपशी बऱ्याच ऑडिओ इंटरफेसचं जमत नाही. यूएसबी-टू-फायरवायर नावाने मिळणाऱ्या केबलमध्ये नुसत्या तारा जोडलेल्या असतात, त्यातून ऑडिओ कधीच येणार नाही. मॅकवर थंडरबोल्टचे दोन अडॅप्टर एकामागे एक लावून चालत असे, पण मॅकओएस २६ ने फायरवायरचा आधारच काढला. तेवढ्या खटपटीत वापरलेला यूएसबी इंटरफेस येतो.

प्रश्न : अँप्लिफायर दुरुस्तीच्या टेबलावर लॅपटॉप आणि यूएसबी इंटरफेस वापरून डिस्टॉर्शन मोजायचं आहे. अँपचा आउटपुट इंटरफेसला कसा जोडावा?

उत्तर : थेट तर अजिबात नाही. ८ ओहमवर १०० वॉट म्हणजे २८.३ व्होल्ट, ५०० वॉट म्हणजे ६३ व्होल्ट. इंटरफेसचा लाइन इनपुट ७-८ व्होल्टच्या वर क्वचितच सोसतो. मध्ये व्होल्टेज डिव्हायडर घाला : अँपच्या धन टोकापासून १८ किलोओहम, पुढे १ किलोओहम ग्राउंडला, आणि दोघांच्या सांध्यावरून इंटरफेसला. व्होल्टेज १९ पटींनी कमी होतं, ६३ व्होल्टचे ३.३ उरतात. त्या वेळी १८ किलोच्या रेझिस्टरवर सुमारे ०.२ वॉट जातात, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्या. इंटरफेसच्या इनपुटचा स्वतःचा रोध गुणोत्तर थोडं बदलतो, तेव्हा १ किलोहर्ट्झची साइन देऊन मल्टिमीटरने एकदा कॅलिब्रेट करा. लोड म्हणून स्पीकर नको, हीटसिंकवर बसवलेला ८ ओहमचा पुरेशा वॉटचा रेझिस्टर.

आता धोक्याची जागा. ब्रिज्ड अँपमध्ये (दोन चॅनेल उलट दिशेने चालवून एकच स्पीकर हाकणाऱ्या), आणि बऱ्याच क्लास-डी अँपमध्ये, स्पीकरचं ऋण टोक ग्राउंड नसतं, तेही तितक्याच जोराने हलत असतं. डिव्हायडरचा ग्राउंड तिथे लावला की तो इंटरफेस, यूएसबी आणि लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरमार्गे अर्थला टेकतो आणि अँपचं अर्धं आउटपुट शॉर्ट होतं. जोडण्याआधी अँपमध्ये सिग्नल न देता ऋण टोक आणि चॅसी यांच्यातलं डीसी व्होल्टेज मोजा. सिंगल सप्लायवर चालणाऱ्या ब्रिज्ड अँपमध्ये तिथे सप्लायच्या निम्मं व्होल्टेज दिसेल. शून्य दिसलं म्हणून मात्र मोकळं होऊ नका. दुहेरी सप्लायच्या ब्रिज्ड अँपमध्येही सिग्नलशिवाय शून्यच असतं, तेव्हा हलका सिग्नल देऊन एसीवर पुन्हा मोजा. व्होल्टेज दिसलं तर दोन्ही टोकांना एकेक डिव्हायडर लावा, दोघांचा ग्राउंड अँपच्या चॅसीला, आणि दोन्ही सांधे इंटरफेसच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटच्या धन आणि ऋण पिनला. फँटम पॉवर बंद आहे याची खात्री अँप चालू करण्याआधी करायची, नंतर नाही.